दोन खोटे काटे आणि भीमाशंकरचं धुकं

पुण्याहून निघालो तेव्हा पेट्रोलचा काटा निम्म्यावर होता. मंचर जवळ आलं तेव्हा तो पूर्ण टाकीवर गेला होता. वाटेत आम्ही पेट्रोल भरलं नव्हतं.

"बघ, गाडी माहेरी निघाल्यासारखी खूश आहे," असं मी वसुधाला म्हणाले आणि आम्ही दोघी हसलो. हसायचं कारण नव्हतं हे पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत कळलं. शेजारचा इंजिनाच्या तापमानाचा काटाही हळूहळू वर सरकत थेट लाल पट्टीत जाऊन टेकला.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची. वसुधा आणि मी एकाच शाळेत. ती मराठी शिकवायची, मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक. गाडी तिच्या वडिलांची, अण्णांची. फिक्या पिवळ्या रंगाची, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. अण्णा गेल्यावर ती दोन वर्षं मांडवात उभी होती आणि वसुधाचा मोठा भाऊ अरविंद ती भंगारात काढायला निघाला होता. वसुधानं लायसन काढलं आणि गाडी मागितली. अरविंददादा वाईट माणूस नाही, पण काळजी हा त्याचा पूर्णवेळ धंदा. तो म्हणाला, "दसऱ्याला जोडून सुट्टी आहे ना? भीमाशंकर, जुन्नर करून ये. गाडी आपल्या चाकांवर परत आली तर तुझी. मला आणायला यावं लागलं तर ती भंगारवाल्याची."

म्हणून आम्ही निघालो होतो. नवऱ्याला नि सासूबाईंना मी देवदर्शनाचं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

निरगुडसर, नवमीची संध्याकाळ

मंचरच्या अलीकडे एका पेट्रोलपंपाशी गाडी बाजूला घेतली. खेडच्या घाटात एक सर येऊन गेली होती, रस्ता ओला होता, आणि दोन्ही बाजूंना झेंडूची शेतं अशी पेटलेली की डोळे दिपावेत. पुण्यात आपण पाव किलो झेंडू घासाघीस करून घेतो. इथे टेम्पोच्या टेम्पो भरून चालले होते आणि खाली सांडलेली फुलं शेळ्या खात होत्या.

बॉनेट उघडलं. वाफ नाही, वास नाही. पंपावरच्या एका माणसानं लांबूनच काटा पाहिला आणि निकाल दिला, "ताई, इंजिन खोलावं लागंल. पुढं नेऊ नका." वसुधाचा चेहरा उतरला. रेडिएटरवर मी हात ठेवला. कोमट होता. फडकं धरून झाकण फिरवलं, पाणी काठोकाठ. उकळलेलं मुळीच नव्हतं.

"चल," मी म्हणाले. "हळू चल. मी बॉनेटकडे बघत बसते."

अशा रीतीनं आम्ही मंचरहून आत वळून निरगुडसरला पोचलो. तिथे वसुधाचे चुलतमामा राहतात. घरासमोर ट्रॅक्टर धुऊन उभा केलेला, त्याला हळदीकुंकू, पुढे नारळ. ओट्यावर कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, सगळं ओळीनं मांडून त्यावर फुलं. शहरात खंडेनवमीला आम्ही पुस्तकांना आणि स्कूटरला हळदीकुंकू लावतो आणि लगेच त्याच स्कूटरवरून भाजी आणायला जातो. इथे तसं चालत नाही. पूजेत ठेवलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा उठेपर्यंत हात लावायचा नाही.

हे मला कसं कळलं, तर गाडीमुळेच. मामांनी शेजारच्या दत्तूभाऊंना बोलावलं. दत्तूभाऊंचा विहिरीवरच्या पंपांच्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून द्यायचा धंदा. पंचक्रोशीतल्या जळालेल्या मोटारी त्यांच्या पडवीत येतात. ते आले, गाडीला एक फेरी मारली आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"बघता का जरा?" वसुधा म्हणाली.

"बघतो की. पर हात न्हाई लावणार. पक्कड, पाना, स्क्रू-ड्रायव्हर, समदं पूजेत हाय. आज एक बी उचललं तर आय घरात घेयाची न्हाई."

"मग कधी?"

"उद्या दुपारून. सोनं लुटून आलो की लगेच."

उद्या दुपारून म्हणजे भीमाशंकर गेलंच. मी दिव्यांचं बटण दाबलं. पुढचे हेडलाइट लागले, पण डॅशबोर्ड काळा कुट्ट. वेगाचा काटा दिसेना. उजवीकडचा इंडिकेटर लावला तर अख्खं पॅनेल त्याच्या तालावर मंद उजळायचं, विझायचं आणि तेलाचा लाल दिवाही डोळे मिचकावायचा.

"ह्ये तर येगळंच नाटक हाय," दत्तूभाऊ म्हणाले. त्यांचे पाठीमागचे हात सुटले होते. त्यांनी ते परत बांधले.

बल्ब गेले असतील, असं मामांचं मत. मी पॅनेलच्या मागे हात घातला. ते दोन चक्र्यांवर बसवलेलं होतं आणि चक्र्या बोटांनी फिरत होत्या. पॅनेल पुढे ओढून एकेक बल्ब काढला आणि गाडीच्याच बॅटरीवर लावून पाहिला. सगळे लख्ख लागले. फ्यूजही धड होते. मी सगळं परत बसवलं आणि डॅशबोर्ड पहिल्यासारखाच काळा राहिला.

अंधार पडला होता. मामींनी हाक मारली, "हात धुवा आता. मासवड्या निवत्यात."

मासवडी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. नाव मासवडी असलं तरी तिच्यात मासा नसतो. बेसनाच्या मऊ पोळीत तीळ, खोबरं, लसूण यांचं खमंग सारण भरून तिला माशासारखा आकार देतात, तिचे काप करतात आणि वरून काळ्या मसाल्याचा रस्सा. सोबत बाजरीची भाकरी. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि तरी मी दुसऱ्यांदा रस्सा मागितला. मामींचा चेहरा उजळला.

जेवता जेवता मामा सहज म्हणाले, "अरविंदाला फोन केला मी. बूथवर गेलो व्हतो ना मघाशी, तवा. उद्या पहिल्या गाडीनं येतोय."

वसुधाचा घास हातातच राहिला.

"मामा, तुम्ही काय केलंत हे?"

"आगं, दोन बायकामाणसं, बिघडलेली गाडी. मी काय गप बसू?" मामांना खरंच काही कळेना. "त्यो येईल, गाडी वडून नेईल. तुमी आमच्या जीपनं जावा भीमाशंकरला."

ताट धुऊन ठेवताना वसुधा माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "अण्णा मला मांडीवर बसवून या गाडीचं स्टिअरिंग धरू द्यायचे. भंगारवाला ती कापून नेणार."

निरगुडसर, दसऱ्याची सकाळ

पहाटे मला जाग आली ती पेट्रोलच्या काट्यानं. म्हणजे झोपेतच तो डोळ्यांसमोर आला. तापमानाचा काटा खोटं बोलत होता हे हाताला कळलं होतं. पण पेट्रोलचा काटाही खोटंच बोलत होता की! चालून चालून पेट्रोल वाढतं कुठे? दोन काटे एकाच वेळी, एकाच दिशेनं खोटं बोलतात आणि त्याच पॅनेलवरचे दिवेही रुसतात. इंजिनाचा या सगळ्याशी काय संबंध? मग या सगळ्यांत सामाईक काय आहे?

शाळेत मी आठवीच्या मुलांना बल्बचा प्रयोग मांडून देते. दर वर्षी कुठला तरी गट येतो, "बाई, आमचे सगळे दिवे मंद लागतात, एक काढला की दुसरा बदलतो." दर वर्षी बघावं तर सगळ्या बल्बांची परत जाणारी तार जिथे एकत्र येते तिथला स्क्रू सैल. वीज यायला वाट आहे, जायला नाही. मग ती दुसऱ्यांच्या घरातून वाट शोधते.

मी वसुधाला हलवून उठवलं. "अर्थिंग," मी म्हणाले.

"काय?"

"पॅनेलचं अर्थिंग गेलंय. वीज गाडीच्या पत्र्यातून परत जाते, ती वाट तुटलीय. ऊठ."

चूल पेटत होती. दत्तूभाऊ तोंडात दातवण घेऊन त्यांच्या अंगणात उभे होते. मी त्यांना हातभर तार मागितली. ते विचारात पडले, आत गेले, एक नवं कोरं भेंडोळं घेऊन आले.

"ह्ये काल मंचरास्नं आणलंय. पूजेत ठिवलंच न्हाई. घ्या."

तारेची टोकं मी दातांनी सोलली. पॅनेल पुन्हा पुढे ओढलं. वसुधा स्टिअरिंगवर बसली, चावी फिरवून तिनं दिव्यांचं बटण दाबलं. दोन्ही काटे शहाण्यासारखे वर चढले, पॅनेल काळं. मी तारेचं एक टोक स्टिअरिंगखालच्या उघड्या लोखंडी पट्टीवर दाबून धरलं आणि दुसरं टोक पॅनेलच्या पत्र्याच्या पाठीला टेकवलं.

डॅशबोर्ड उजळला.

हिरवट, मऊ, शेवाळलेल्या पाण्यातून यावा तसा उजेड. आणि आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही काटे खाली आले. तापमान थंड. पेट्रोल पाव टाकीच्याही खाली, म्हणजे जितकं असायला हवं तितकं. मी तार उचलली, अंधार. टेकवली, उजेड. पुन्हा उचलली. वसुधा किंचाळली, मग दोन्ही हात तोंडावर दाबून हसू लागली.

"आयला!" दत्तूभाऊंनी दातवण फेकून दिलं. "मी समजत व्हतो सेन्सर गेला. अर्थ व्हय! आन मूळ तार कुटं गेली?"

ती शोधायला मी आसनावर उताणी झोपून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. साडीत हे कसं करतात ते विचारू नका. पॅनेलमागून एक काळी तार निघून डाव्या कोपऱ्यात बॉडीवरच्या बोल्टाला जात होती. पुढच्या काचेचं रबर तिथेच फाटलं होतं. कितीतरी पावसाळ्यांचं पाणी तिथूनच ठिबकलेलं. तारेच्या टोकाची कडी आणि बोल्ट गंजून एकच लालसर ढेकूळ झालं होतं.

"सापडली," मी खालून ओरडले. "पण नट हलत नाही. पाना हवा."

पाना झेंडूखाली होता.

दत्तूभाऊ म्हणाले, "आयला इचारून बघू का?" आणि स्वतःच मान हलवली. मामा ओट्यावरून बघत होते. तेवढ्यात मामी चुलीजवळून उठल्या आणि त्यांनी पातेलं उतरवायची सांडशी माझ्या हातात दिली.

"ही न्हाई पूजेत," त्या म्हणाल्या. "बाया काय चूल बंद ठिवत्यात व्हय नवमीला?"

सांडशीनं नट धरला. घसरला. पुन्हा धरला. वसुधानं माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला आणि तो कर्रकन फिरला. गंज खरवडायला काय घ्यावं? मामींनी मोरीतून टाचा घासायची वजरी आणली. त्या वजरीनं मी कडी घासली, बोल्ट घासला, त्याखालचा पत्रा घासला, खालून चकाकी येईपर्यंत. दत्तूभाऊ दारातून वाकून सांगत होते, "अजून घासा. लोखंड दिसाया पायजे. हां, आता कसं!" त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर गच्च धरलेले. मला तर वाटतं त्या सकाळी सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच झाला. नट परत आवळला आणि फाटक्या रबरात मामींनी शिलाईच्या डब्यातलं मेण कोंबलं.

वसुधानं बटण दाबलं. दिवे लागले. इंडिकेटर लावला. फक्त इंडिकेटरच लागला.

मामांनी ट्रॅक्टरवरची झेंडूची माळ काढली आणि आमच्या बॉनेटवर बांधली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरींनो, मी उगा घाई केली फोनची."

अरविंददादा आला तेव्हा आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. हातात दोरखंड. खरंच, पुण्याहून तो गाडी ओढायचा दोर घेऊन आला होता. तो काही विचारायच्या आत वसुधा म्हणाली, "दादा, चहा घे. आम्ही निघतोय भीमाशंकरला."

"गाडी तापतेय म्हणे."

"काटा खोटं बोलत होता. आता खरं बोलतो."

तो गाडीत बसला. चावी फिरवली. दिवे लावले, विझवले. इंडिकेटर डावा, उजवा. खाली वाकून बोल्ट पाहिला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग उठून कपाळ पुसत म्हणाला, "मी येऊ का?"

"मागे बस," वसुधा म्हणाली.

दत्तूभाऊंनी निघताना आम्हा तिघांच्या हातात आपट्याची पानं दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा. आन ताई, परत येताल तवा पूजा उठल्याली असंल. चांगला पाना दीन."

भीमाशंकरची वाट

घोडेगावला पेट्रोल भरलं. ते गाव सोडलं की रस्ता डोंगराला लागतो. डिंभ्याच्या धरणाचं पाणी एका बाजूला पसरत जातं, दुसरीकडे भाताची खाचरं पिवळी पडायला लागलेली. उतारांवर सोनकी फुलली होती, इतकी की डोंगराला कुणी हळद लावून बसवलंय असं वाटत होतं. दर दोन वळणांनी अरविंददादा मागून मान लांब करून काटा बघायचा. तापमान मध्यावर. तो परत टेकून बसायचा.

वरच्या टप्प्यात धुकं उतरलं. आधी झाडांचे शेंडे गेले, मग झाडं, मग रस्ता. समोरून एसटी आली ती फक्त दोन पिवळे डाग होऊन. वसुधानं दिवे लावले आणि डॅशबोर्ड उजळला. तिच्या बोटांवर तो हिरवा उजेड पडला होता. बाहेर काही दिसत नसताना आत सगळं दिसत होतं. वेग किती, तेल आहे का, इंजिन कसं आहे. मला एकदम सुरक्षित वाटलं.

"वीसच्या वर जाऊ नको," दादा म्हणाला.

"अठरा आहे," ती म्हणाली. "तिथूनही दिसेल तुला."

तो वाकला. दिसलं. "अठराच आहे," तो हळूच म्हणाला, आणि त्यानंतर देवळापर्यंत त्यानं एकही सूचना केली नाही. बहिणीनं चालवलेल्या गाडीत तो पहिल्यांदा खिडकीबाहेर बघत बसला होता.

देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्या ओल्या, दोन्ही बाजूंच्या दुकानांत पेढे, माळा, कंदमुळं. धुक्यात घंटेचा आवाज येत होता पण देऊळ दिसत नव्हतं. शेवटच्या पायऱ्यांवर ते अचानक काळंभोर पुढ्यात आलं. गर्दी होती, तरी कुणी ढकलत नव्हतं. दर्शन झालं. मी देवाकडे काय मागितलं ते सांगणार नाही, पण आभार मात्र मोठ्यानं मानले. मागच्या बाईनं दचकून पाहिलं.

वर आलो तर गाडीच्या बॉनेटवर तीन माकडं बसून आमचा झेंडू सोलत होती. एकानं वायपर वाकवून पाहिला होता. दादा दोर घेऊन धावला. पुण्याहून आणलेला दोर शेवटी त्याच कामाला आला.

उतरताना डिंभ्याला एका झोपडीवजा खानावळीत थांबलो. धरणातला ताजा मासा, हळद-तिखट-मीठ लावून तव्यावर टाकलेला, आणि तांदळाची पातळ भाकरी. पुण्यात माशावर तांदळाच्या पिठाचा नि रव्याचा जाड कोट चढवतात. इथे मासा उघडाच असतो. खानावळीच्या मावशी म्हणाल्या, "ताजा हाय त्याला कशाला झाकायचं?" दादानं तीन तुकडे खाल्ले, चौथा मागितला आणि हात धुता धुता मला म्हणाला, "शैलाताई, तो बोल्ट... घरच्या स्कूटरचाही बघाल का एकदा? तिचा मीटरचा दिवा लागत नाही."

मी म्हटलं, बघीन.

जुन्नर

संध्याकाळी जुन्नरला शिरलो तेव्हा शिवनेरीचा माथा अजून तांबूस होता आणि रस्त्यावर माणसं एकमेकांना सोनं देत, पाया पडत, हसत चालली होती. अनोळखी म्हाताऱ्या आजोबांनी खिडकीतून हात घालून वसुधाच्या हातावर पानं ठेवली. आमच्या सोसायटीत शेजारच्या मजल्यावर सोनं द्यायला जायचं तर आधी फोन करतो. इथे फोन करावा लागत नाही, खिडकी उघडी असली की पुरे.

अरविंददादाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. आम्ही त्याला स्टँडवर सोडलं. पुण्याची गाडी लागलेली होती. तो उतरला, खिडकीशी वाकला आणि खिशातून स्वतःचा किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात घराच्या, कपाटाच्या, ऑफिसच्या किल्ल्या होत्या. त्यातली एक काढायला तो नखानं कडी उघडू लागला. कडी उघडेना. वसुधानं हात पुढे केला, पण त्यानं दिला नाही. शेवटी दातांनी उघडून त्यानं एक पितळी किल्ली सोडवली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"गाडीची दुसरी किल्ली," तो म्हणाला. "माझ्याकडे राहिली की मला यावंसं वाटतं."

वसुधानं मूठ मिटली. तो वळला, एसटीच्या पायरीवर चढला आणि तिथूनच ओरडला, "काचेचं रबर बदलून घे गं!"

"घेते!" ती ओरडली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की स्टँडवरच्या माणसांनी माना वळवल्या.

एसटी गेली. आम्ही नाणेघाटाच्या रस्त्याची चौकशी केली, उद्या पहाटे निघायचं ठरवलं, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत वसुधा गाणं म्हणत होती. बेसूर, पण भर बाजारातून, काचा खाली करून.